परतणारे आजारपण

खानापूर तालुक्यातील आमच्या गुंजीच्या परिसरात बाळंतिणीला अकस्मात आकडी आली, की कोणी कांदा हुंगवतो, तर कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावतो. तिचे डोके आदल्या दिवसापासून ठणकत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, हे मात्र कोणी ध्यानात घेत नाही. वास्तविक निदानाचा धागा तेथेच असतो.

रक्तदाब वाढला तरी मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून प्रवाह आवरून धरतात. या शक्तीलाही मर्यादा आहे. ती ओलांडली, की द्रव पाझरून मेंदूस सूज येते. बहुधा मागील भागास, जेथे दृष्टीचे केंद्र आहे. म्हणून डोळे निरोगी असूनही दिसेनासे होते. ओकारी, असंबद्ध बोलणे व झटके ही अन्य लक्षणे. ओपनहायमर व फिशबर्ग यांनी १९२८ साली रक्तदाबजन्य मेंदूविकाराचे वर्णन केले. १९९६ साली हिंची आदी डॉक्टरांनी १५ रुग्णांच्या अभ्यासातून ही सूज बहुधा ओसरते, हे दाखविले. गर्भिणी व बाळंतिणींप्रमाणेच मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्तदाबाच्या गोळ्या मनानेच बंद करणारे यांनाही हा धोका असतो.

तथापि 'परतणारा' म्हणजे आपोआप परतणारा नव्हे. विलंब झाल्यास मेंदूत रक्तस्राव होऊन कायमचे अपंगत्व किंवा मृत्यूही ओढवतो. रुग्णालयात शिरेतून औषध देऊन रक्तदाब हळूहळू उतरवितात. पहिल्या काही तासांत सामान्यतः चौथ्या हिश्श्याहून अधिक नाही, कारण एकदम उतरविल्यास मेंदूला रक्त कमी पडते. म्हणून घरी जादा गोळ्या देऊ नयेत. गर्भिणीच्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे प्रमुख औषध आहे. निदानाची खात्री एमआरआय तपासणीने होते.

वाचकहो, झटका आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात पाणी वा चमचा घालू नये आणि १०८ क्रमांकास कळवावे. गरोदरपणी रक्तदाब १४०/९० वा अधिक आढळल्यास डॉक्टरांस त्वरित दाखवावे. १६०/११० झाल्यास रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब नको. बाळंतपणानंतरही सहा आठवडे सावध राहावे. घरातील लेकीसुनांची डोकेदुखी 'दगदगीने झाली असेल' म्हणून सोडून न देता आधी रक्तदाब मोजून घ्यावा, एवढीच विनंती.