खाटेवरचा नवरा आणि गावकीची नीती

बायको लकव्यानं पडली की आमच्या भातसानगरात पाव्हणेच सांगतात, दुसरी आण! नवरा पडला की तिला मात्र वडाचे फेरे. दोस्तहो, कायदाही त्यांचाच होता. १८६० च्या दंडविधानातलं कलम ४९७ बाईला नवऱ्याची मालमत्ता समजे. त्याची संमती असली तर गुन्हाच नाही. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं ते मोडलं. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात असाध्य वेडावर घटस्फोट मिळतो, लुळं पडण्यावर नाही. मग जी त्याचं हगणं-मुतणं काढते, मजुरीला जाते आणि कुणापाशी घटकाभर माणूस होते, तिला छिनाल म्हणणारे तुम्ही कोण? मी तिला बेइमान मानत नाही. खाट टाकून पळणाऱ्याला मानतो. खाटेवरच्यालाही मन आहे. त्याच्याशी बोलायचं ते तिनं, गावकीनं नव्हे.