माकडहाडापाशी रुतलेला केस

या वेळचा विषय चारचौघांत काढायचा नसतो, म्हणूनच तो सदरात घेतोय. पाठीचा कणा संपतो तिथे, दोन्ही नितंबांच्या मधल्या फटीत एक बारीक छिद्र पडतं. त्यातून केस आत शिरतात, पोकळी तयार होते, पू धरतो. बसलं की टोचतं, कपड्याला डाग लागतो. डॉक्टर याला पायलोनायडल सायनस म्हणतात. विशीतला मुलगा हे आईला सांगत नाही, वडिलांना तर नाहीच. सांगतो तेव्हा बहुतेक वेळा गळू झालेलं असतं आणि त्याला खुर्चीवर टेकताही येत नसतं.

माझा निपाणीचा मावसभाऊ असाच आठ-नऊ महिने गप्प होता. शेवटी दाखवलं, तर पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं की सगळं कापून काढायचं, जखम उघडी ठेवायची, दीड-दोन महिने रोज ड्रेसिंग. त्याला तीन आठवड्यांनी पुण्यात नोकरीवर हजर व्हायचं होतं. मावशीचा फोन आला, "तू कॉम्प्युटरवाला आहेस, जरा बघून सांग दुसरं काही असतं का." मी बीई, डॉक्टर नाही. पण वाचून तुलना करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि दुसरं काही असतं, हे त्या वाचनात नक्की कळलं.

आधी आजाराबद्दल थोडं. १८८० मध्ये हॉजेस या अमेरिकन डॉक्टरने त्याला हे नाव दिलं. लॅटिनमध्ये अर्थ सरळ आहे, केसांचं घरटं. दुसऱ्या महायुद्धात ७०,००० हून अधिक अमेरिकन सैनिक यासाठी दवाखान्यात भरती झाले. खडबडीत रस्त्यावर जीपमध्ये आदळत बसून हे होतं असं वाटल्याने १९४४ मध्ये बुई या सर्जनने त्याला 'जीप आजार' म्हटलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावात असल्यामुळे बेळगावकरांना जीप नवी नाही, आणि रुंदीकरण चालू असलेल्या हायवेवरून मोटारसायकलने निपाणी-बेळगाव करणाऱ्याला आदळण्याबद्दल काही सांगायची गरज नाही.

बरीच वर्षं हा दोष जन्मजात मानला जायचा. १९४६ मध्ये पेटी आणि स्कार्फ यांनी वेगळा मुद्दा मांडला. न्हाव्यांच्या बोटांच्या बेचक्यात अगदी असाच सायनस होतो आणि आत सापडतात ते गिऱ्हाइकांचे केस. म्हणजे केस बाहेरून रुततो. ही एक गोष्ट कळली की उपचारांकडे बघायची नजर बदलते. आत बसलेले केस काढले, त्यांच्यामुळे तयार झालेलं अस्तर मारलं आणि नवे केस शिरू दिले नाहीत, तर मोठा भाग कापायची गरज प्रत्येकाला पडेलच असं नाही.

अस्तर मारण्यासाठी रसायन वापरायचं, ही कल्पना जुनी आहे. त्यात सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो फिनॉलचा. लिस्टरने जखमा निर्जंतुक करायला जे कार्बोलिक ॲसिड वापरलं, तेच हे. १९६४ मध्ये मॉरिस आणि ग्रीनवुड या इंग्लंडच्या डॉक्टरांनी ८० टक्के फिनॉल या सायनसमध्ये सोडून पाहिलं. पुढे तुर्कस्तानातल्या सर्जननी स्फटिक वापरायला सुरुवात केली. तेवढाच भाग बधिर करतात, छिद्र थोडं रुंद करतात आणि चिमट्याने आतले केस काढतात. हा चिमट्याचा टप्पा कंटाळवाणा, पण यश त्याच्यावरच. मग आजूबाजूच्या कातडीला मलमाचा जाड थर लावून फिनॉलचे खडे आत सोडतात. ते शरीराच्या उबेने आणि ओलाव्याने वितळतात, आतलं अस्तर जाळतात, आणि दोन-एक मिनिटांनी दाबून बाहेर काढले जातात. माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. काहींना हे दोन-तीनदा करावं लागतं.

कापण्याच्या तुलनेत हे कितपत टिकतं? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुर्की चाचणीत १४० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली होती. निम्म्यांना फिनॉल दिलं, निम्म्यांचं कापून जखम उघडी ठेवली. फिनॉलवाल्यांची जखम सरासरी १६ दिवसांत भरली, कापलेल्यांची ४० दिवसांत. तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात आजार परत आला तो फिनॉलमध्ये १८.६ टक्के लोकांना आणि कापण्यात १२.९ टक्के. एवढ्या रुग्णसंख्येत हा फरक ठामपणे खरा म्हणता येत नाही, पण तो डोळ्याआडही करू नये. माझं मत असं, की साधारण पाचातल्या चौघांना तीन आठवड्यांच्या आत मोकळं करणारा आणि फसला तरी पुढचे सगळे रस्ते उघडे ठेवणारा उपाय पहिल्यांदा करून बघण्यात शहाणपण आहे. मोठा काप घेतल्यावर मागे जाता येत नाही.

फिनॉल विषारी असतं हे मात्र विसरू नका. बाहेरच्या कातडीला लागलं तर भाजतं, जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ते देत नाहीत. गळू असेल तर आधी पू काढून ते शांत करावं लागतं. घरातल्या फिनेलच्या बाटलीशी याचं नातं जोडू नका. हे लिहावं लागतंय कारण एकाने मला तसं विचारलंय.

सिल्व्हर नायट्रेटही वापरतात. फिनॉलइतकं जहाल नाही, म्हणून सुरक्षित, पण असर वरवरचा. पोकळी उथळ असेल, किंवा ऑपरेशननंतर जखमेत लाल मांस जास्त वाढलं असेल तर उपयोगी. कपड्याला काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. त्याच्यावर मी फार वेळ घालवला नाही.

जास्त वेळ गेला तो क्षारसूत्रावर, कारण आपल्याकडे मोठ्यांचा पहिला सल्ला तोच असतो. बेळगावच्या शहापुरात १९३३ पासून कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि क्षारसूत्र हे तिथल्या शल्यतंत्राच्या लोकांचं नेहमीचं काम. सुश्रुताने नाडीव्रणाबद्दल म्हटलंय की रोगी कृश, दुबळा किंवा भित्रा असेल तर शस्त्राऐवजी क्षारसूत्र वापरावं. म्हणजे भित्र्या रुग्णाचा विचार तेव्हाही होता. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी ही पद्धत पुन्हा उभी केली. दोऱ्यावर एकूण २१ थर देतात. ११ थर स्नुही या निवडुंगाच्या चिकाचे, ७ थर चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, ३ थर चीक आणि हळदीचे. श्रावणात जिवतीला ज्याची माळ घालतो तोच आघाडा; तो जाळून त्या राखेपासून क्षार काढतात. दोरा पोकळीतून आरपार ओवतात आणि आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते.

याला रसायनाचा उपचार म्हणायला माझी हरकत नाही, तो आहेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेली मोठी चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आजार परत येण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि ऑपरेशनमध्ये ११ टक्के निघालं. जखम भरायला मात्र ८ आठवडे लागले, ऑपरेशनला ४. पण ती चाचणी भगंदराची होती. भगंदर गुदमार्गाशी जोडलेलं असतं, आपला सायनस नसतो. तेव्हा हे आकडे उचलून इथे चिकटवता येत नाहीत, आणि जो चिकटवतो त्याला हा फरक जरूर विचारा.

पोकळीला अनेक फाटे असतील, दोन-तीनदा परत आली असेल, तर रसायनाच्या मागे न लागता सर्जनकडून फ्लॅप करून घ्यावा. त्यात टाके मधल्या फटीतून बाजूला सरकवतात. बरोबर मध्यरेषेवर घातलेले टाके परत उघडण्याची शक्यता जास्त असते. काही डॉक्टर मध्यरेषेवरच शिवतात, म्हणून आधी विचारलेलं बरं.

आपल्या भागातला खरा धोका वेगळाच आहे. रस्त्याकडेला 'बिनाऑपरेशन, एका इंजेक्शनात मुळापासून' अशा पाट्या असतात. आत जाऊन विचारलं की इंजेक्शनात काय आहे, तर उत्तर "आमचं खास औषध". रसायनाचं नाव आणि प्रमाण कागदावर लिहून मिळत नसेल तर तिथून उठा. चांगल्या दवाखान्यातही संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असू शकतं. सही करण्याआधी ते मराठीत समजावून मागायला लाजू नका. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी लोकांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला आणि त्यावर दोन राज्यांत वादही झाला. कोल्हापूरकडे जाणार असाल तर हा उपचार त्या यादीत बसतो का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारा.

भावाने फिनॉल घेतलं, दोनदा. पुण्याला तो ठरल्या तारखेला गेला, बसायला उशी घेऊन. दोन वर्षं झाली, अजून तरी परत आलेलं नाही. तिथले केस मात्र तो नियमित काढतो. अमेरिकेत ११ ते २१ वयाच्या ३०० च्या आसपास मुलांवर झालेल्या चाचणीत, लेझरने तिथले केस काढलेल्यांपैकी १०.४ टक्क्यांना वर्षभरात त्रास परत झाला, नेहमीच्या पद्धतीने केस काढणाऱ्यांपैकी ३३.६ टक्क्यांना.

आणि एक गंमत. जर्मन संशोधकांनी या घरट्यांतले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यांत मूळ नसलेले, टोकं धारदार कापलेले डोक्याचे केस भरपूर निघाले. म्हणजे केस कापताना मानेवरून पाठीवर आणि तिथून खाली घसरलेले. सलूनमधून आलेल्याला आजी उंबऱ्याच्या आत घेत नसे, आधी बाथरूममध्ये पिटाळायची. तिचं कारण सोवळ्याचं होतं. मी हल्ली कारण बदलून तेच करतो.