गवंड्याच्या हाती कसब आहे, कागद कोण देणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठविण्याची घोषणा झाली. ज्या व्यवसायांसाठी माणसे हवी होती त्यांत परिचारिकांच्या बरोबरीने बांधकामातील कारागीरही होते. घोषणेचा गाजावाजा पुष्कळ झाला; परंतु त्या गाजावाजात एक साधा प्रश्न बुडून गेला. पहाटे नाक्यावर उभा राहणारा, वीस वर्षे ओळंबा आणि थापी चालविणारा आपला गवंडी जर्मनीच्या कायद्यापुढे कुशल ठरतो काय? बहुतेक वेळा ठरत नाही. आणि त्याचे मूळ कारण जर्मनीत नसून आपल्याच घरात आहे.

जर्मनीची व्यवस्था आधी नीट समजून घेऊ. तेथे मालकाकडे नोकरी करणाऱ्या गवंड्याला स्वतःचा परवाना लागत नाही. पण स्वतःच्या नावाने बांधकामाचा धंदा मांडायचा असेल तर सामान्यतः ‘माईस्टर’ ही उस्तादाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. परदेशी कारागिराला मात्र देशात पाऊल ठेवण्याआधीच आपले शिक्षण तेथील तीन वर्षांच्या उमेदवारीशी तोलून घ्यावे लागते. त्यासाठी २०१२ पासून स्वतंत्र कायदा आहे. या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. कागदपत्रे अपुरी असली तर प्रत्यक्ष काम करून दाखविण्याची सोय आहे. परंतु मुळात रीतसर शिक्षणच झालेले नसेल, तर या सोयीचे दारही बंद राहते. मार्च २०२४ पासून अनुभवी कारागिरांसाठी आणखी वाटा खुल्या झाल्या, पण त्यांची पहिली अट अशी की, मायदेशात शासनमान्य असे किमान दोन वर्षांचे शिक्षण झालेले असावे.

आता ही अट आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना लावून पाहावी. वीजतंत्र्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. गवंडीकाम, नळजोडणी आणि सुतारकाम यांचे अभ्यासक्रम एकेका वर्षाचे आहेत! म्हणजे जो मुलगा सरकारच्या सांगण्यावरून, सरकारच्या संस्थेत, सरकारी परीक्षा देऊन गवंडी झाला, त्याचाही कागद या नव्या वाटांवर अपुरा पडतो. मग ज्याने बापाच्या किंवा मामाच्या हाताखाली घमेले उचलत उचलत विद्या मिळविली, त्याची कथा काय सांगावी? ‘पूर्वानुभवाची मान्यता’ म्हणून काही दिवसांच्या वर्गानंतर सरकारी प्रमाणपत्रे वाटली जातात. तशा कागदाने दोन वर्षांच्या शिक्षणाची अट पुरी होत नाही. करार करणाऱ्यांनी हे वाचले नव्हते काय? आणि वाचले असेल, तर दहा हजारांचा आकडा कोणाच्या भरवशावर उच्चारला?

येथे दोन प्रकारची माणसे आपल्याला चुकीची वाट दाखवू पाहतील. पहिले म्हणतील, हा गोऱ्यांचा अहंकार आहे, आपल्या कारागिराचा अपमान आहे. दुसरे, जे मुक्त बाजाराचे भाट आहेत, ते म्हणतील की परवाने आणि परीक्षा म्हणजे जुन्या गिल्डांची मक्तेदारी. त्या मोडून टाका. कार्यकर्त्यांनी या दोघांपासूनही सावध राहावे. २००४ मध्ये जर्मनीत अनेक व्यवसायांतील माईस्टरची सक्ती उठविण्यात आली. त्यांत फरशी बसविण्याचे कामही होते. परिणाम काय झाला? एकट्याच्या जिवावर चालणाऱ्या ‘कंपन्या’ कित्येक पटींनी वाढल्या, उमेदवार घेऊन शिकविणारे कारखानदार घटले, आणि पडेल भावात काम घेण्याची चढाओढ लागली. अखेर २०२० मध्ये फरशीकामासह बारा व्यवसायांत ती सक्ती पुन्हा लागू करावी लागली. यातला धडा स्पष्ट आहे. कसबाची अट ही कामगाराच्या मजुरीला आणि इमारतीत राहणाऱ्याच्या जिवाला असलेली कुंपणाची भिंत आहे. ती पाडून आपला गवंडी तेथे स्वस्त मजूर म्हणून शिरावा, ही मागणी समाजवाद्यांची असू शकत नाही. जर्मन कामगाराची मजुरी पाडण्यासाठी भारतीय कामगार वापरला जाणे हा दोघांचाही पराभव आहे.

तेव्हा परीक्षा असावी की नसावी हा वाद नाही. परीक्षेला बसण्याइतके शिक्षण कोणी द्यायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा खरा वाद आहे. जर्मनीच्या बांधकाम उद्योगात मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी मिळून चालविलेला सामाईक निधी आहे. सामूहिक कराराने सर्व मालकांकडून वर्गणी घेतली जाते आणि जो मालक उमेदवाराला शिकवितो त्याला त्या उमेदवाराच्या वेतनाचा मोठा भाग या निधीतून परत मिळतो. कसब तयार करण्याचा भार तेथे उद्योग उचलतो. आपल्याकडे तो भार पोरवयात घमेले उचलणाऱ्या मुलाच्या पाठीवर असतो. ठेकेदाराला तयार कारागीर फुकट मिळतो. आणि परदेशी जायची वेळ आली की, भाषेचे वर्ग, दाखल्यांची भाषांतरे आणि दलालाची दक्षिणा यांसाठी कामगार सावकाराचे दार ठोठावतो.

मालकांची गरज निकडीची झाली की, हेच दरवाजे कसे उघडतात, हेही आपण पाहिले आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलने पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने रोखले, आणि त्यांच्या जागी माणसे हवी म्हणून जानेवारी २०२४ मध्ये रोहतक व लखनौ येथे गवंडी, सुतार, फरशीवाले यांच्या रांगा लागल्या. युद्धाच्या छायेत जाण्यासाठी अनुभव आणि प्रात्यक्षिक चाचणी पुरेशी ठरली! देशातील केंद्रीय कामगार संघटनांनी या भरतीला विरोध केला तो योग्यच होता. कसबाची किंमत कागदावरून ठरते की मालकाच्या गरजेवरून, याचे याहून उघड उदाहरण कोणते हवे?

कोणी विचारील, परदेशी जाणाऱ्या मूठभरांसाठी एवढा खटाटोप का? तो मूठभरांसाठी नाहीच. किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे भेद आहेत. हाती कागद नसलेल्या गवंड्याला ठेकेदार सहज खालच्या रकान्यात ढकलतो. जो कागद त्याला स्टुटगार्टच्या दारात हवा आहे, तोच पिंपरीच्या आणि कल्याणच्या कामावरही हवा आहे.

आणि त्यासाठी पैसा नाही, असे म्हणण्याची सोय राज्यकर्त्यांना नाही. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर एक ते दोन टक्के उपकर बसविला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. हा पैसा कामगारांसाठी असून तो राज्याराज्यांत पडून राहिला. त्याबद्दल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना कठोर शब्दांत सुनावले होते.

आपल्या मागण्या सरळ आहेत. गवंडी, नळजोडणी आणि सुतारकाम यांचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे करावेत. कामावर शिकलेल्या कारागिराला, त्याची मजुरी न बुडता, रात्रवर्गाने व प्रात्यक्षिकाने तोच पूर्ण दाखला मिळावा. त्याचा खर्च उपकराच्या निधीतून व्हावा. जन्मभर घमेलेच उचलत राहिलेल्या स्त्रियांना या वर्गांत राखीव जागा असाव्यात. थापी ही पुरुषांची वतनदारी नव्हे. आणि परदेशाशी होणाऱ्या प्रत्येक कराराच्या मसुद्यावर कामगार संघटनांचे मत घेतलेच पाहिजे.

आपल्याही संघटनांनी थोडे आत्मपरीक्षण करावे. बोनस आणि मजुरी यांसाठी आपण लढलो. दाखल्याचा प्रश्न कारकुनी म्हणून बाजूला ठेवला. ज्याच्या हाताने शहरे उभी राहिली त्याला ‘तू कोण?’ असे विचारले जाते तेव्हा दाखविण्यास त्याच्याजवळ केवळ हाताचे घट्टे असावेत, ही लाज त्याची नव्हे. ती व्यवस्थेची आहे, आणि थोडी आपलीही. नाक्यावरच्या पुढच्या सभेत हा विषय पहिला घ्यावा.