शिबपूरच्या वडाची अर्धी साक्ष

झाडाच्या बुंध्याशी छत्र्या उगवल्या की मातीत बुरशीनाशक ओता, असा सल्ला कोलकात्यातले एक वृक्षप्रेमी गृहस्थ भेटेल त्याला देत आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: बुरशी म्हणजे कूज, कूज म्हणजे मरण, पुरावा हवा तर शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला महावटवृक्ष पाहा.

साक्षीदार बोलावलाच आहे, तर त्याची साक्ष पुरती ऐका. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी हा वड जखमी झाला, उघड्या लाकडात बुरशी शिरली आणि कुजलेला मूळ बुंधा १९२५ मध्ये काढून टाकावा लागला. इथवर खरे. पण बुंधा गेल्यावर हे झाड शंभर वर्षे कशावर उभे आहे? जमिनीत रुजलेल्या तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर. आणि वडाच्या मुळांत राहते ती बुरशीच, फक्त निराळ्या कुळातली. लाकूड कुजवणे तिला जमतच नाही. मुळाच्या पेशीत शिरून ती झुडपासारखी फुटते, झाडाला स्फुरद देते, बदल्यात साखर आणि स्निग्ध पदार्थ घेते. स्फुरद मातीत जागचे फारसे हलत नाही. मुळालगतचे संपले की पुढचे आणायला बुरशीचे केसाहून बारीक तंतूच लागतात. शिवाय ही बुरशी छत्र्या काढतच नाही. म्हणजे महाशय शत्रू समजून जे ओतणार, त्यात न दिसणारा सोबतीही मरणार!

बांकुडा-झाडग्रामच्या सालवनात तर पहिल्या पावसानंतर लोक पालापाचोळा उकरून ‘कुडकुडे छातू’ नावाची गोल अळिंबी वेचतात. कोवळी असली तर आत पांढरीशुभ्र, जून झाली की काळपट भुकटी. सालाच्या मुळांशी जोडलेली हीही बुरशीच. ती रोग असती, तर सालवने केव्हाच आडवी झाली असती.

‘आई-झाड बुरशीच्या जाळ्यातून पिलांना पोसते’ ही गोष्ट फुगवलेली आहे, असे हे गृहस्थ वर सुनावतात. हा वाद जुना आहे. जंगलातला पुरावा तोकडा असल्याची टीका २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनीच केली. पण ती टीका झाडाझाडांमधल्या देवघेवीबद्दल होती. मूळ आणि बुरशी यांच्यातली देवघेव तिने खोडलेली नाही.

२० मे २०२० च्या अम्फान चक्रीवादळात कोलकाता शहरातली हजारो झाडे पडली. मुळे कोंडणाऱ्या, बुंध्यापर्यंत आलेल्या काँक्रीटवर मात्र हे गृहस्थ अवाक्षर काढत नाहीत.

छाटलेल्या फांदीवर बोर्डो पेस्ट जरूर लावा. मातीत मात्र बुरशीनाशक नको, स्फुरदाच्या खताचा मारा नको. आळे मोकळे ठेवा, पालापाचोळा जाळू नका आणि रोप लावताना जवळच्या निरोगी जुन्या झाडाखालची दोन मुठी माती खड्ड्यात घाला.