तापीकाठचे शहर हद्दीपलीकडे टाकू नका

मी बुऱ्हाणपूरची लेक आणि धामणगाव बढेची सून आहे. लग्न होऊन मोताळा तालुक्यात आले तेव्हा शेजारच्या बायका विचारायच्या, "तुम्ही एमपीच्या का?" त्यांच्या विचारण्यात वाईट काही नव्हते, पण मला ते लागायचे. माझ्या माहेरी घरात मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत उर्दू, गुजराती, निमाडी ऐकू यायची. वडील मागावर होते, आई घरी कांड्या भरायची. आखाजीला मी इथून माहेरी जायची तेव्हा मुक्ताईनगरमार्गे जाताना इच्छापूर ओलांडले की दुकानांच्या पाट्या बदलायच्या. केळीचे मळे तेच राहायचे. इच्छादेवीच्या यात्रेला खानदेशातून जाणारी माणसेही हद्द विचारून जात नाहीत.

ही हद्द फार जुनी नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बुलडाणा जिल्हा आणि बुऱ्हाणपूर ज्यात येत होते तो निमाड जिल्हा एकाच राज्यात होते आणि दोघांची राजधानी नागपूर होती. १९५२ च्या निवडणुकीत मलकापूरकडचे आणि बुऱ्हाणपूरचे आमदार एकाच सभागृहात बसले. मग भाषावार रचना झाली, आम्ही मुंबई राज्यात आलो, बुऱ्हाणपूर भोपाळकडे गेले. त्या निर्णयाशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते त्यानंतर इकडच्या मराठी माणसाने या शहराकडे पाठ फिरवली त्याच्याशी.

बुऱ्हाणपूरचे नावसुद्धा आपल्याकडून गेलेले आहे. फारुकी घराण्याच्या नासिरखानाने इसवी सन १४०० च्या सुमारास तापीच्या उत्तर काठावर शहर वसवले आणि खुलताबादचे संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. समोरच्या काठावरचे झैनाबादही खुलताबादच्याच झैनुद्दीन शिराझींच्या नावाचे. त्याच झैनाबादेत, आहुखान्याच्या बागेत, १६३१ साली मुमताजमहलला पहिल्यांदा पुरले. नंतर तिचा देह आग्र्याला नेला. पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर अशीरगड आणि बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. मराठ्यांचा इतिहास शिकवताना या गावाला वळसा घालून जाताच येत नाही, तरी आमच्या मुलांना ते नकाशावर दाखवता येत नाही.

शहरातल्या जामा मशिदीत मी लहानपणी मैत्रिणीबरोबर जायची. तिथे आत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेख कोरलेला आहे, संवत आणि तिथीसकट. राजा अली खान फारुकीच्या काळात, १५९० च्या सुमारास, ती बांधली गेली. आज भांडणाची भाषा बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांना त्या भिंतीसमोर थोडा वेळ उभे करावे असे मला मनापासून वाटते.

संभाजी महाराजांवरच्या 'छावा' चित्रपटामुळे बुऱ्हाणपूर एकदम सगळ्यांच्या तोंडी आले. १६८१ च्या जानेवारीअखेर, राज्याभिषेकाला पंधरवडा होतो न होतो तोच, संभाजी महाराजांच्या फौजेने हंबीरराव मोहित्यांबरोबर या शहरावर झडप घातली आणि बहादूरपुऱ्यासारखे श्रीमंत पुरे लुटले. शहरात एवढा पैसा का होता, हे मात्र कोणी विचारत नाही. दख्खनेतून उत्तरेला आणि सुरतेला जाणारा रस्ता इथे तापी ओलांडत होता आणि गावात उत्तम कापड विणले जात होते. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये याने लिहून ठेवले आहे की इथले झिरझिरीत, जरीचे कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जाई. माझ्या वडिलांचा माग त्याच धंद्याचे शेवटचे, गरीब टोक होता. आजही शहरात पॉवरलूमचा खडखडाट आहे, पण कामगाराच्या हातात त्या वैभवातले फारसे काही उरलेले नाही.

चित्रपट आला त्यानंतर, मार्च २०२५ मध्ये, अशीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च घेऊन मोगलांची सोन्याची नाणी शोधायला खणू लागले. ती दृश्ये टीव्हीवर पाहताना मला फार वाईट वाटले. कारण त्या शहराच्या जमिनीखाली खरोखरच मौल्यवान असे काही आहे आणि ते तिथे चारशे वर्षांपासून वाहते आहे.

मी कुंडी भंडाऱ्याबद्दल बोलते आहे. १६१५ च्या सुमारास, जहांगीरच्या काळात, सुभेदार अब्दुल रहीम खानखानाने ती योजना करवली. ज्यांचे दोहे शाळेत पाठ करतात तेच हे रहीम. सातपुड्यात पडलेले पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत येते. ते वाटेतच भुयारात धरायचे, भुयाराला नेमका उतार द्यायचा आणि ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या खोदून हवा आणि डागडुजीची सोय ठेवायची. मोट नाही, पंप नाही. शंभराच्या वर कुंड्या एकमेकींना आतून जोडलेल्या आहेत आणि पाणी उताराने आपोआप शहराकडे चालत येते. इराणात अशा योजनेला कनात म्हणतात आणि तिथल्या कनातींना २०१६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. विशेष म्हणजे त्याच दशकात खानखानाचा शत्रू मलिक अंबर औरंगाबादेत, तेव्हाच्या खडकीत, नहर-ए-अंबरी खोदत होता. रणांगणात एकमेकांसमोर उभे असलेले हे दोघे लोकांना पाणी देण्याच्या बाबतीत एकाच शहाणपणाने वागले.

मी त्या कुंडीत उतरले आहे. खाली गारवा असतो, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर असतात आणि पायाशी स्वच्छ पाणी सरकत असते. हेच चुन्याचे थर साचत जाऊन भुयारे अरुंद होतात. त्याहून मोठे संकट वरच्या बाजूला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जंगल उठले, बोअर खोल गेले, केळीला पाणी बारा महिने लागते. झिरपून येणारे पाणी कुंडीपर्यंत पोचण्याआधीच उपसले गेले, तर कुंडी कितीही साफ करा, काय उपयोग? मार्च २०२४ मध्ये कुंडी भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. मला आनंद झाला. पण फलक लावून आणि लिफ्ट बसवून पाणी टिकत नाही, वरचा डोंगर सांभाळला तरच ते टिकते.

इकडच्या वाचकाला यात काय, असे कोणी म्हणेल. आमच्या तालुक्यातून नळगंगा मलकापूरकडे जाते, पूर्णेला मिळते आणि पूर्णा चांगदेवला तापीत जाते. बुऱ्हाणपूरचे आणि आमचे पाणी तिथे एक होते. आमच्या विहिरीला फेब्रुवारीनंतर पाणी टिकत नाही. पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा आहे, तिथे जमिनीखाली पाणी असून पिता येत नाही. तेव्हा तापीच्या खोऱ्यात जे काही होईल त्याचा संबंध आमच्या हंड्याशी आहे.

१० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी भोपाळमध्ये तापी महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. ३१.१३ टीएमसी पाणी, त्यातले १९.३६ टीएमसी महाराष्ट्राला, खर्च १९ हजार कोटींच्या वर. लाभाच्या जिल्ह्यांत जळगाव, अकोला, अमरावतीबरोबर बुलडाणाही आहे. योजनेचे तत्त्व असे की सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात पाणी सोडून ते जमिनीत मुरवायचे. खानखानाच्या कारागिरांनी हाच डोंगर आणि हेच झिरपणे ओळखले होते. मी या योजनेच्या बाजूने आहे. हद्दीच्या दोन्हीकडच्या सरकारांनी या खोऱ्याचा एकत्र विचार केला, ही मोठी गोष्ट आहे.

पण बाजूने आहे म्हणूनच सांगते. पायथ्याशी पाणी मुरवणार असाल, तर मुरलेले पाणी कोण किती उपसणार याचा नियम आधी करा. नाहीतर ज्याचा बोअर खोल त्याचीच योजना होईल. कुंडी भंडाऱ्याच्या वरच्या क्षेत्रात नवे बोअर आणि खोदकाम थांबवा आणि त्या क्षेत्राची मोजणी दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांकडून करून घ्या. चारशे वर्षे चाललेली योजना तिथे डोळ्यांसमोर आहे, तिचा अभ्यास कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालापेक्षा स्वस्त पडेल. आणि धारणी, खालवा भागात जिथे पाणी अडवायचे आहे, तिथल्या आदिवासी गावांशी ग्रामसभेत बसून बोला. त्यांना उठवून आमच्या केळीला आणि कपाशीला पाणी मिळणार असेल, तर ते मला नको आहे.

शेवटी मोताळा, मलकापूर, नांदुरा भागातल्या मुख्याध्यापकांना एक विनंती. दरवर्षी सहली अजिंठ्याला, वेरूळला, शेगावला जातात. तिथे जरूर जा. पण यंदा एक गाडी बुऱ्हाणपूरला न्या. राजघाटावर तापी दाखवा, जामा मशिदीतला संस्कृत लेख दाखवा, मुलांना कुंडीत उतरवा आणि पाणी कुठून येते ते तिथल्या तिथे समजावून सांगा. येताना मावा जिलेबी आणि दराबा घ्यायला विसरू नका.