आधी कापड, मग आकृती

जबलपूर हे सलवार-सूट शिवणारे शहर आहे. गोहलपूर, लेमा गार्डन भागात तयार होणारा माल थेट दक्षिणेतल्या राज्यांपर्यंत जातो. या धंद्यात रेखाटन कटिंग मास्टरच्या टेबलावर पोहोचते, तिथे कापडाचे थर एकावर एक रचले जातात आणि एकाच कापणीत कितीतरी नग निघतात. चित्रात गळ्याची खोली किंवा बाजूची चीर संदिग्ध राहिली, तर ती संदिग्धता प्रत्येक नगात उतरते. फॅशन-रेखाटनाला वाहिलेला हा अंक इथल्या आणि महाराष्ट्रातल्या व्यावसायिकांच्या हाती देताना आम्हाला एकच आग्रह धरायचा आहे: मार्कर उचलण्यापूर्वी कापड ओळखा, आणि जे शिवता येईल तेच रंगवा.

या आग्रहामागे आपल्याच परंपरेचा आधार आहे. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथय्या (१९२९–२०२०), मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि ‘ईव्हज वीकली’सारख्या नियतकालिकांसाठी फॅशनची चित्रे काढू लागल्या. त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने बुटीक उघडले, तेव्हा तिने अथय्यांना प्रत्यक्ष कपडे करून पाहायला सुचवले. कागदावरची रेषा शिंप्याच्या हातात गेली आणि तिथून त्यांची वेशभूषाकार म्हणून वाट सुरू झाली. ‘आम्रपाली’ या चित्रपटासाठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याची चित्रे अभ्यासली. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले, हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्यांच्या वाटचालीत रेखाटन आणि शिवण कधीच वेगळी पडली नाहीत. आपल्या वर्गांमधून मात्र ती वेगळी पडत चालली आहेत.

पहिली अडचण आकृतीचीच आहे. फॅशनच्या पुस्तकांतली प्रमाणभूत आकृती नऊ डोक्यांची असते. खरे शरीर साधारण साडेसात डोक्यांचे. वाढीव उंची बहुतेक पायांत घातलेली असते. अशा आकृतीवर कमीज काढला की तो गुडघ्यापर्यंत आहे की पोटरीपर्यंत, हे मास्टरला नजरेने नेमके सांगता येत नाही. सलवारीचा घेर प्रत्यक्षापेक्षा सडपातळ दिसतो आणि पटियालाच्या चुण्यांचा भरणा हरवतो. दिखाऊ चित्राला नऊ डोकी चालतील. पण कारखान्यात जाणाऱ्या चित्राला साडेसात ते आठ डोक्यांची आकृती घ्या आणि शेजारी पुढची-मागची सपाट रेखाकृती जोडा. तिच्यात मुंढा, कळ्या, नेफा, पट्टी, चिरेची उंची आणि प्रत्येक शिवण स्पष्ट दिसली पाहिजे.

कापडाचा पडाव शिकण्यासाठी जबलपूरकरांना लांब जावे लागत नाही. नंदलाल बोस यांचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा याच शहरातले. संविधानाच्या उद्देशिकेच्या पानाची सजावट त्यांची. शहीद स्मारकातल्या त्यांच्या भित्तिचित्रांसमोर वही घेऊन उभे राहा. धोतराच्या निऱ्या, साडीचा पदर, अंगरख्याची ओढ केवळ रेषेत उतरवून पाहा. रेषेत वजन आले नाही, तर महागडा मार्करही ते आणू शकत नाही.

आता मार्करचा स्वभाव. अल्कोहोल मार्करचे द्रावक झपाट्याने उडते आणि रंग कागदात बसतो. पहिला थर ओला असताना दुसरा दिला की छटा एकमेकींत मिसळतात. वाळल्यावर दिला की कड ठसठशीत राहते. जॉर्जेटच्या ओघळत्या चुण्यांना पहिली रीत, ताठ ब्रोकेडच्या टोकदार घड्यांना दुसरी. चंदेरीची पारदर्शकता हवी असेल तर आधी अंगाचा रंग आणि अस्तर पूर्ण करा, वाळू द्या, मग ओढणीचा फिका थर एकदाच फिरवा. जिथे घडी दुहेरी पडते तिथेच दुसरा थर येऊ द्या, कारण कापडही तिथेच दाट होते. मखमलीचा उजेड घडीच्या कडेला ठेवा. महेश्वरीच्या जरीकाठाला गेरूसर पिवळा, त्यावर तपकिरी सावली आणि शेवटी पांढऱ्या जेल पेनचे मोजके ठिपके पुरतात. बाग प्रिंट काढताना बुट्टीचा आकार शरीराच्या मापात बसवा. ठशाचे प्रमाण चुकले की सारे कापडच खोटे वाटते. खादीचा खरखरीतपणा मार्करवर सुकी रंगीत पेन्सिल फिरवून येतो.

साहित्यासाठी कर्ज काढण्याची गरज नाही. जपानी कॉपिक मार्कर १९८७ पासून आहेत; त्यांत शाई पुन्हा भरता येते, टोक बदलता येते, पण किंमत जड पडते. करड्याच्या तीन छटा, कातडीच्या दोन आणि हंगामाच्या मालात खरोखर असलेले रंग एवढ्यावर काम उत्तम चालते. अपारदर्शक कशिद्यासाठी दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये उभ्या केलेल्या कॅम्लिनचे पोस्टर रंग मार्करवर छान बसतात. बाह्यरेषेचे पेन अल्कोहोलने फुटते का, हे कोपऱ्यावर तपासून घ्या. कागद मार्करसाठीचाच वापरा आणि जबलपूरच्या मे महिन्यात दुतोंडी मार्कर झाकणे घट्ट लावून आडवे ठेवा.

आणखी एक काळजी. मार्करचे रंग बहुधा डायचे असतात आणि उजेडात उडतात. चित्र पूर्ण होताच स्कॅन करा, मूळ प्रत अंधाऱ्या कप्प्यात सपाट ठेवा, मागे कापडाचा तुकडा आणि तारीख चिकटवा. अथय्यांची रेखाटने जपली गेली, म्हणूनच त्यांच्या मृत्यूनंतर डिसेंबर २०२० मध्ये प्रिन्सेप्स या लिलावसंस्थेच्या लिलावात ती लोकांसमोर येऊ शकली. आपल्या शहरात नमुन्याची चित्रे हंगाम संपला की रद्दीत जातात. त्यांच्यासोबत या धंद्याचा इतिहासही जातो, याचे आम्हाला मनापासून दुःख होते.

म्हणून तिघांकडे तीन मागण्या. कारखानदारांनी रेखाटनाचा मेहनताना शिवणीच्या दरात न बुडवता वेगळा द्यावा आणि नमुन्याच्या वहीत रेखाटनकाराचे नाव लिहावे. शिक्षकांनी परीक्षेत चित्राच्या शेजारी त्यावरून बेतलेला कापडी नमुना मागावा आणि गुण दोन्हींना द्यावेत. रेखाटनकारांनी आठवड्यातला एक दिवस कटिंग टेबलाशी काढावा. मास्टर जो प्रश्न विचारील, त्याचे उत्तर पुढच्या चित्रात असले पाहिजे.

सुरुवात आम्ही स्वतःपासून करतो. पुढच्या अंकापासून या मासिकात रंगीत चित्र एकटे छापले जाणार नाही. सोबत सपाट रेखाकृती आणि कापडाच्या तुकड्याचे छायाचित्र असेल, आणि ज्या मास्टरने त्यावरून कपडा कापला, त्याचे नाव त्याच्या संमतीने चित्रकाराच्या नावाच्या ओळीतच येईल.