टेपवरचा टाइपरायटर

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक तरुण मैत्रीण आली होती. संगणक अभियंता. मुलगी झाल्यावर तीन वर्षं घरी राहिली, आता पुन्हा नोकरी शोधते आहे. मुलाखतीत तिला विचारलं, ‘‘या तीन वर्षांत तुम्ही काय केलंत?’’ ती सांगत होती, ‘‘मला उत्तरच सुचेना. मी म्हटलं, काही नाही.’’

बैठक संपली तरी ते ‘काही नाही’ माझ्या डोक्यातून जाईना. एक जीव वाढवला, घर चालवलं, रात्री जागवल्या, आणि त्या सगळ्याचं नाव ‘काही नाही’! घरकामाचं मोल काय, हा प्रश्न आपण किती शिबिरांतून, किती पोस्टरांवरून मांडला. तरी मुलाखतीच्या खुर्चीत बसल्यावर आपल्यातलीच शिकलीसवरलेली बाई तेच उत्तर देते. दोष तिचा नाही. प्रश्नच असा असतो की त्यात दुसरं उत्तर मावत नाही.

त्याच दिवसांत मी स्टेफनी शर्ली या बाईंविषयी वाचत होते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी त्या गेल्या. आपल्या गटांमध्ये हे नाव फारसं कोणाला ठाऊक नाही. विज्ञान, व्यवसाय, शेअर बाजार, दानधर्म अशा सगळ्या मुलखांतून फिरलेली ही बाई होती मुळात आपल्या त्या मैत्रिणीच्याच पेशातली, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी. म्हणून या अंकात तिच्याविषयी.

तिचा जन्म १९३३ सालचा, जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. वडील ज्यू, न्यायाधीश. नाझींनी त्यांची नोकरी घेतली. १९३९ मध्ये पाच वर्षांची ही मुलगी, नऊ वर्षांच्या बहिणीचा हात धरून, आईबापांशिवाय व्हिएन्नाहून निघालेल्या गाडीत बसली आणि इंग्लंडला पोचली. ज्यू मुलांना वाचवण्यासाठी सोडलेल्या अशा गाड्यांतून जवळजवळ दहा हजार मुलं तिकडे गेली. एका अनोळखी जोडप्यानं तिला वाढवलं. पुढे मुलींच्या शाळेत गणित शिकवत नव्हते, तेव्हा परवानगी काढून ती मुलांच्या शाळेत जाऊन गणित शिकली. गणितासाठी मुलांच्या वर्गात एकटीनं जाऊन बसणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेकींना सांगायला नको.

१९५१ साली ती लंडनमधल्या डॉलिस हिल इथल्या पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात लागली. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग. अशी सहा वर्षं काढून तिनं गणिताची पदवी घेतली. तिथं ‘अर्नी’ नावाच्या यंत्रावरही तिनं काम केलं. ब्रिटिश सरकारनं १९५६ मध्ये बचतीचे प्रीमियम बाँड काढले. त्यात व्याज वाटायचं नाही, सगळ्यांचं व्याज एकत्र करून त्यातून बक्षिसं द्यायची, अशी योजना होती. बक्षिसाचे आकडे निव्वळ योगायोगानं निवडायचे, त्यात कोणाची लबाडी चालू नये, म्हणून ते यंत्र. १९५७ च्या जूनमध्ये त्याची पहिली सोडत झाली. विज्ञान आणि पैसा यांची गाठ तिच्या आयुष्यात अशी पहिल्यांदा पडली.

यंत्र निःपक्षपाती होतं, कचेरी नव्हती. त्या काळी ब्रिटनमध्ये सरकारी नोकरीत बायकांचे आणि पुरुषांचे पगार उघडउघड वेगळे. समान वेतन १९५५ पासून टप्प्याटप्प्यानं लागू होऊ लागलं, ते पूर्ण व्हायला १९६१ उजाडलं. पुढे ती एका खाजगी कंपनीत गेली. तिथं एका बैठकीत तांत्रिक बाबी सोडून धंद्याविषयी मत मांडलं, तेव्हा ‘तो तुझा विषय नाही’ म्हणून तिला गप्प करण्यात आलं. तिनं राजीनामा दिला.

१९६२ साली, खिशात सहा पौंड आणि काम करायला घरातलं जेवणाचं टेबल, एवढ्यावर तिनं स्वतःची कंपनी काढली. कामावर कोणाला घ्यायचं, तर लग्न झालं, मूल झालं म्हणून ज्यांना नोकरी सोडावी लागली अशा प्रोग्रॅमर बायकांना. काम घरूनच, जमतील तेवढे तास. घरात संगणक असण्याचा प्रश्नच नव्हता. या बायका पेन्सिलीनं कागदावर प्रोग्रॅम लिहायच्या. मालगाड्यांची आखणी, बसची वेळापत्रकं, कारखान्यांच्या साठ्याचे हिशेब, एवढंच काय, काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा प्रोग्रॅमसुद्धा अशा बायकांनी लिहिला. पहिल्या तीनशे माणसांत पुरुष होते फक्त तीन.

सुरुवातीला तिच्या पत्रांना उत्तरंच येईनात. नवऱ्यानं सुचवलं, ‘स्टेफनी’ऐवजी ‘स्टीव्ह’ अशी सही करून बघ. उत्तरं येऊ लागली. आणि घरी फोन वाजला की ती टेपरेकॉर्डर लावायची. टेपवर टाइपरायटरचा खडखडाट मुद्रित करून ठेवला होता. १९६३ मध्ये तिला मुलगा झाला. पलीकडच्या गिऱ्हाईकाला घर ऐकू जाऊ नये, ऑफिस ऐकू यावं, म्हणून हा खटाटोप.

हे वाचताना मला हसू आलं आणि मग गप्पच झाले. १९८९ साली मी एका कचेरीत टायपिस्ट होते. मुलाला ताप आला की मी साहेबांना फोनवर आईचा आजार सांगायची. आईच्या आजाराला सहानुभूती मिळायची, मुलाच्या आजाराला ‘यांचं नेहमीचंच’ असं उत्तर. माझ्यापाशी टेपरेकॉर्डर नव्हता एवढंच. आज त्या मैत्रिणीच्या पिढीतल्या मुली घरून काम करताना मूल रडलं की माइक बंद करतात. यंत्रं बदलली, लपवण्याची गरज तेवढीच उरली.

बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. तरुण मुलींचे डोळे चमकले. पण सोलापूरकडे विडी कामगार बायकांमध्ये वर्षानुवर्षं काम केलेली आमची एक जुनी सहकारी शांतपणे म्हणाली, ‘‘घरून काम म्हणजे काय ते आमच्या बायकांना विचारा. पानं, तंबाखू घरी आणायचं, हजारावर मजुरी. खराब म्हणून विड्या बाजूला काढल्या की त्यांची मजुरी गेली. पाठ मोडते ती आपली, जागा आपली, दिवा आपला आणि खोकणारं पोरही आपलंच. मालकाला मात्र कारखाना बांधायला नको. याला मुक्ती म्हणता?’’

तिचं म्हणणं खरं आहे. सगळ्या जगातल्या कामगार बायकांना ते ठाऊक आहे. म्हणूनच ‘सेवा’सारख्या संघटनांनी नेट लावला आणि १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत घरी काम करणाऱ्या कामगारांसाठी स्वतंत्र करार मंजूर झाला. घरी बसून काम करणारी बाई ही कामगारच आहे, तिला इतरांसारखंच वागवलं पाहिजे, हे त्यात मान्य केलं गेलं. त्या करारात आणि आपल्या विडीवालीच्या घरात अजून फार अंतर आहे.

मग शर्लीबाईंच्या घरकामात आणि विडीच्या घरकामात फरक कोणता? शिक्षणाचा आहेच. तिच्या बायका प्रशिक्षित होत्या, त्यांचं कसब दुर्मीळ होतं. हा फरक झाकून चालणार नाही. पण मला दुसरा फरक अधिक महत्त्वाचा वाटतो, तो मालकीचा. तिनं कंपनीचा जवळपास चौथा हिस्सा कामगारांच्या हाती दिला, आणि त्याची किंमत स्वतःच्या वाट्यातून मोजली. १९९१ मध्ये कंपनीचा ताबा कामगारांकडे गेला. १९९६ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली. त्यातून सत्तर कर्मचारी लक्षाधीश झाले. ज्यांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून पेन्सिलीनं काम केलं होतं, ते काम इतक्या वर्षांनी त्यांच्या नावावर जमा झालं.

आपल्याला हे परकं वाटायला नको. तिच्या कंपनीच्या तीन वर्षं आधी, १९५९ साली, मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे ‘लिज्जत’ झालं. तिथंही पीठ घरी न्यायचं आणि पापड लाटून आणायचे. पण लाटणारी बाई नोकर नसते, सभासद असते, नफ्यातोट्याची वाटेकरी असते. सहा पौंड असोत की ऐंशी रुपये, धडा एकच. काम घरून की कचेरीतून, हा दुय्यम प्रश्न. कामाच्या अटी कोण ठरवतं आणि त्यातून निपजलेलं कोणाच्या खात्यात जातं, हा मुख्य प्रश्न.

शर्लीबाईंना देव्हाऱ्यात बसवण्याची मात्र गरज नाही. घरातली कामं बायकांनीच का करायची, हा प्रश्न त्यांच्या योजनेनं विचारला नाही. ती कामं सांभाळून पगार कसा मिळवता येईल एवढं पाहिलं. आणि त्याची झळ त्यांना स्वतःलाच लागली. त्यांचा एकुलता मुलगा अडीच वर्षांचा असताना, येत असलेलं बोलणं विसरत गेला. तो स्वमग्न होता. त्याला सांभाळताना, कंपनी चालवताना त्या कोसळल्या, आणि मुलाला रुग्णालयात ठेवावं लागलं. १९९८ मध्ये पस्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यानं तो गेला. ज्या बाईनं शेकडो आयांना त्यांच्या वेळेनुसार काम दिलं, तिच्या स्वतःच्या मुलासाठी समाजानं काहीच उभं केलेलं नव्हतं.

ते तिनं पैशानं उभं केलं. स्वमग्न माणसांना आधार देणारी संस्था, अशा मुलांसाठी शाळा, संशोधनाला मदत करणारी संस्था. मिळालेल्या संपत्तीतले सहा कोटी पौंडांहून जास्त तिनं वाटून टाकले. अनोळखी माणसांच्या मदतीनं आपण वाचलो, तेव्हा वाचवण्याजोगं आयुष्य जगून दाखवलं पाहिजे, असं ती म्हणत असे. तिच्या लेखी ती ऋणफेड होती.

आपल्या चळवळीला दानाविषयी नेहमी थोडा संशय वाटत आला आहे, आणि तो योग्यच आहे. दात्याची मर्जी फिरली की शाळा बंद, हे आपण पाहिलं आहे. हक्क मागायचा तो सरकारकडे आणि मालकाकडे. आपल्याकडे २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर आली. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याची वाटही मोकळी केली. पण ती मालकाशी ठरवून. म्हणजे पुन्हा एकटी बाई एका टोकाला आणि मालक दुसऱ्या टोकाला. शिवाय हा कायदा आयांपुरताच होता. बापाला त्यात जागाच नव्हती. मूल हे बाईचंच काम, हे कायद्यानंही गृहीत धरलं.

गंमत अशी की ब्रिटनमध्ये १९७५ साली लिंगभेदाविरुद्धचा कायदा आला, आणि फक्त बायकांना काम देण्याचं शर्लीबाईंचं धोरण त्यात बेकायदा ठरलं. त्यांना पुरुषांना घ्यावं लागलं. त्यांनी ते केलंही. घर सांभाळून काम करण्याची सोय ही बायकांना दिलेली सवलत नसून कामाची रीतच असू शकते, हे एव्हाना त्यांच्या कंपनीनं तेरा वर्षं सिद्ध केलं होतं.

म्हणून, मैत्रिणींनो, माझं सांगणं एवढंच आहे. आपल्या गटांमधून संगणकवाल्या मुली आणि विडीवाल्या बायका यांना एका सतरंजीवर बसवू या. एकीच्या माइकमधलं रडणारं मूल आणि दुसरीच्या पाटीशेजारचं खोकणारं मूल ही एकाच प्रश्नाची दोन रूपं आहेत. काम आमच्या वेळेनं हवं, पण तेवढ्यावर भागणार नाही. आम्हाला पाळणाघर हवं, बापालाही रजा हवी, मजुरी ठरवताना आमचा आवाज हवा, आणि जे आम्ही उभं करतो त्यात आमचा वाटा हवा.

ती मैत्रीण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मुलाखतीला जाणार आहे. आम्ही तिच्याबरोबर बसून तीन वर्षांचा हिशेब कागदावर मांडला. दोन पानं भरली. ती कागद वाचत राहिली आणि म्हणाली, ‘‘हे मी एकटीनं केलं?’’ या वेळी तरी तिचं उत्तर ‘काही नाही’ असणार नाही. मुलाखत घेणारे ते ऐकतील की नाही, सांगता येत नाही.

तुमच्या गावात, तुमच्या गटात असा हिशेब मांडून पाहा. काय निघालं ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा राखून ठेवतो आहोत.